रुळांना जुनेपणा देताना विजेची वाट कशी मोकळी ठेवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरला घराच्या वरच्या खोलीत आपण १:८७ प्रमाणात पूर्णा जंक्शनचा मॉडेल रेल्वे लेआउट उभा करत आहात. रूळ कोड ८३ चे, म्हणजे ०.०८३ इंच उंचीचे, आहेत आणि गाड्या डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देणाऱ्या यंत्रणेवर, चालतात. मुख्य मार्ग आणि मागचा वळसा अंथरून झाल्यावर आपण सगळ्या रुळांवर तपकिरी रंगाचा स्प्रे मारला, वरचा भाग पुसून घेतला आणि पंधरा दिवस गाड्या उत्तम चालल्या. आता मात्र इंजिन मागच्या वळशावर चार ठरावीक ठिकाणी अडखळते, पॉइंटवरून, म्हणजे मार्ग बदलणाऱ्या सांध्यावरून, जाताना डब्यांतले दिवे लुकलुकतात आणि घरातले लोक पॉलिश पेपरने सगळे घासून काढायला सांगत आहेत. सगळा रंग काढावा लागेल का, आणि यार्डाचे जे रूळ अजून कोरे आहेत ते कसे रंगवावेत, असे आपण विचारले आहे.

सगळा रंग काढण्याची मुळीच गरज नाही. रुळाच्या बाजूला लागलेल्या रंगाने गाडी कधीही थांबत नाही. रंग अडचण करतो तो रुळाच्या माथ्यावर, दोन रूळ जोडणाऱ्या जॉइनरच्या आत आणि पॉइंटची हलणारी पाती मुख्य रुळाला जिथे टेकते त्या जागी. या तीन जागा सांभाळल्या, तर उरलेला रूळ आपण कितीही गंजका, धुळकट आणि तेलकट दाखवू शकता.

माथ्याविषयी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चाक केवळ माथ्याच्या सपाट भागावर टेकते असे आपण धरून चालतो आणि तेवढाच भाग पुसतो. प्रत्यक्षात मॉडेलच्या चाकाचा पृष्ठभाग थोडा उतरता असतो, त्याची कड रुळाच्या आतल्या बाजूला असते, आणि या दोन्हींच्या मधली गोलाई माथ्याच्या आतल्या कोपऱ्याशी सतत घासत राहते. वीज उचलण्याचे बरेचसे काम त्या कोपऱ्यात होते, वळणावर तर अधिकच. वरून रूळ चकचकीत दिसत असूनही इंजिन अडखळत असेल, तर बोटाला पांढरे सुती कापड गुंडाळून आतल्या कोपऱ्यावरून फिरवावे. कापडावर तपकिरी रेघ उमटली की निम्मे निदान झाले.

आजचे बहुतेक मॉडेल रूळ ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या मिश्रधातूचे असतात. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नसते. हा धातू पितळेपेक्षा सावकाश काळवंडतो, म्हणूनच जुने पितळी रूळ मागे पडले. परंतु रंगाचा थर कितीही पातळ असला तरी तो विद्युतरोधकच असतो, आणि तिथे धातूच्या चांगुलपणाचा काही उपयोग होत नाही.

आता आपल्या चार ठरावीक ठिकाणांकडे वळतो, कारण माझ्याही पहिल्या लेआउटवर नेमके हेच झाले होते. मी डिसेंबरमध्ये रूळ अंथरून लगेच स्प्रे मारला होता आणि जानेवारीभर गाड्या धावत होत्या. एप्रिल लागला, वरच्या खोलीत दुपारी पाऊल ठेववेना असे ऊन तापू लागले, आणि इंजिन एकेका जोडापाशी थबकू लागले. मी माथा घासून घासून थकलो. शेवटी एक जॉइनर पकडीने उपसून काढला, तेव्हा त्याच्या आतल्या पत्र्यावर आणि रुळाच्या तळावर तपकिरी रंगाची गुळगुळीत साय धरलेली दिसली. पातळ रंग अशा अरुंद फटीत आपोआप ओढला जातो. जोवर रूळ हालत नाही तोवर धातूला धातू जिथे घट्ट टेकलेला असतो तेवढ्या ठिपक्यातून वीज जात राहते. उन्हाने रूळ लांबला, जॉइनरमध्ये केसभर सरकला, की तो ठिपका रंगावर येऊन बसतो. तीन मीटर लांबीचा असा रूळ तापमानात २५ अंशांचा फरक पडल्यावर सुमारे सव्वा मिलिमीटर वाढतो. मराठवाड्यातली डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांतला फरक त्याहूनही जास्त असतो, हे आपल्याला सांगायला नको. आपले पंधरा दिवस चांगले गेले आणि मग बिघाड सुरू झाला, त्याचे कारण मला इथेच दिसते.

म्हणून माझा नियम असा आहे की विजेसाठी जॉइनरवर विसंबायचे नाही. जॉइनरचे काम दोन रुळांची टोके एका रेषेत धरण्याचे, आणि वीज प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र तारेने द्यायची. फ्लेक्स ट्रॅकच्या, म्हणजे हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाच्या, प्रत्येक लांबीला, दोन्ही रुळांना, एकेक फीडर तार सोल्डर करावी आणि ती फळीखालून जाणाऱ्या जाड मुख्य तारांना जोडावी. एक रूळ डाव्या मुख्य तारेचा आणि दुसरा उजव्या तारेचा, हे सुरुवातीलाच तारांच्या दोन रंगांनी पक्के करावे. डाख रुळाच्या बाहेरच्या बाजूला किंवा तळाला द्यावा, आतल्या बाजूला नको, कारण तिथून चाकाची कड जाते. डाख धरावा म्हणून लावायचा फ्लक्स राळेचा वापरावा. पत्र्याच्या कामाला वापरतात तो ॲसिडचा फ्लक्स मागे राहिला तर पातळ तार हिरवी पडून हळूहळू तुटते. सगळे जोड सोल्डर करून टाकण्याचा मोह टाळावा, उन्हाळ्यासाठी मधूनमधून सुटे जोड असलेच पाहिजेत. हे सर्व काम रंगाचा डबा उघडण्यापूर्वी संपलेले असावे. रंग दिलेल्या रुळावर डाख धरत नाही, आणि धरलाच तर तो वरवरचा असतो.

तार जोडल्यावर तपासणी करताना केवळ मल्टिमीटरचा व्होल्टेज पाहून समाधान मानू नये. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नसल्यामुळे रंगाने अर्धवट बंद झालेला जोडही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, आणि इंजिन ठेवले की तोच जोड हात टेकतो. त्यासाठी मी दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब वापरतो. कोणत्याही गॅरेजजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो मिळतो आणि साधारण ०.८ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे एखाद्या मोठ्या इंजिनाहून अधिकच. डीसीसीचा पुरवठा पूर्ण काढून ठेवावा, सगळी इंजिने आणि दिव्यांचे डबे रुळावरून उचलावेत, रुळांना १२ व्होल्टचा साधा डीसी ॲडॉप्टर जोडावा आणि बल्ब दूरच्या टोकाला दोन्ही रुळांवर टेकवावा. मग मल्टिमीटरच्या दोन सुया एकाच रुळावर जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे ठेवाव्यात. चांगला जोड काही मिलिव्होल्ट दाखवतो. अर्धा व्होल्ट दिसला तर तो जोड आजारी आहे असे समजावे. मात्र ज्या जोडाच्या दोन्ही अंगांना फीडर आहेत तिथे ही चाचणी फसवते, कारण प्रवाह जोडातून न जाता खालच्या तारेतून जातो. ही तपासणी रंगापूर्वी एकदा आणि रंगानंतर पुन्हा एकदा करावी, आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. डीसीसी पुन्हा जोडल्यावर लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरने दोन रूळ क्षणभर जोडून पाहावेत. रुळांना डीसीसीची वीज पुरवणाऱ्या बूस्टरने तत्काळ पुरवठा तोडला पाहिजे. तो तोडत नसेल, तर वाटेत कुठेतरी एवढा अवरोध आहे की गाडी घसरून शॉर्ट झाल्यावर तिथले प्लास्टिक तापेल आणि तरीही यंत्रणेला पत्ता लागणार नाही.

आता रंगाविषयी. स्प्रेच्या डब्यातला एकसारखा तपकिरी रंग हा जुनेपणा नव्हे, आणि डोळ्यांना आधी खटकतो तोही तोच. पुढच्या वेळी पूर्णा किंवा परभणीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असाल तेव्हा शेजारच्या मार्गाकडे नीट पाहावे. रुळाची बाजू नारिंगी नसते. ती जुन्या चॉकलेटसारखी गडद असते आणि तिच्यावर ब्रेकच्या भुकटीचा व काळ्या मातीच्या धुळीचा मळकट, किंचित राखाडी थर असतो. जिथे दोन रूळ वितळलेल्या धातूने जोडलेले असतात तिथली वेल्डची गाठ मात्र कित्येकदा ताज्या गंजाने ठळक नारिंगी दिसते. फिशप्लेटच्या, म्हणजे बोल्टने बसवलेल्या पट्टीच्या, जोडाला वंगणाचा काळेपणा असतो. इंजिने जिथे थांबतात तिथे दोन रुळांमधली खडी तेलाने काळीभोर झालेली असते, आणि वीसेक पावलांवर तीच खडी धुळीने करडी दिसते. फलाटालगतच्या मार्गावर वर्षानुवर्षे डब्यांतली घाण पडत आल्याने रुळांचा तळ आणि क्लिपा फार खाल्ल्या गेलेल्या दिसतात. जैवशौचालये आल्यापासून ते कमी झाले आहे, म्हणून आपला लेआउट कोणत्या काळातला आहे ते आधी ठरवावे. मीटरगेजच्या दिवसांतली पूर्णा दाखवायची असेल, तर रुळांखाली काँक्रीटचे आडवे स्लीपर तिथे शोभणार नाहीत.

मी चित्रकलेच्या दुकानात मिळणारे ॲक्रिलिक रंग वापरतो. बर्न्ट अंबर तीन भाग, काळा अर्ध्या भागाहून कमी आणि यलो ऑकरचा एक थेंब, हा माझा मूळ रंग आहे. धुळकटपणासाठी त्यातच थोडा पांढरा आणि रॉ अंबर मिसळून दुसरा हात अगदी पातळ देतो. काँक्रीटच्या स्लीपरला कोरा राखाडी रंग देऊ नये. आपल्या मातीने ते दोन पावसाळ्यांत भुरे होतात. १,६७६ मिलिमीटरचा आपला ब्रॉडगेज १:८७ प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो आणि आपण मात्र १६.५ मिलिमीटरच्या तयार रुळांवर गाड्या चालवतो, त्यामुळे मार्ग नेहमीच अंमळ चिंचोळा दिसतो. स्लीपर आणि खडीचे रंग एकमेकांत मिसळू दिले, तर ही उणीव बरीच झाकली जाते.

यार्डाचे कोरे रूळ मी आपल्या जागी असतो तर ब्रशने रंगवले असते. चपट्या, अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या ब्रशने रुळाच्या बाजूवर रंग ओढावा आणि हातभर लांबी झाली की लगेच, रंग ओला असतानाच, लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर किंचित ओलसर सुती कापड ताणून माथ्यावरून एक हात फिरवावा. त्यानंतर तोच ठोकळा साधारण ४५ अंशांत तिरका धरून आतल्या कोपऱ्यावरून दुसरा हात फिरवावा. या दुसऱ्या हातानेच आधी सांगितलेला कोपरा मोकळा होतो. वाळलेला ॲक्रिलिक खरवडावा लागतो आणि खरवडताना रूळ चरतो, म्हणून एका वेळी हातभरापेक्षा जास्त लांबी घेऊ नये. प्रत्येक जॉइनरच्या दोन्ही अंगांना दोन-तीन मिलिमीटर जागा कोरी सोडावी आणि शेवटी जवळजवळ सुक्या ब्रशने, रंग वाहणार नाही इतका घट्ट ठेवून, ती भरावी. फिशप्लेटचा काळपट रंग इथे दिला की जॉइनर डोळ्यांना खुपतही नाही.

स्प्रेच मारायचा असेल तर सकाळी मारावा. मे महिन्यातल्या दुपारी रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि रुळावर खरखरीत भुकटी होऊन बसतात. जोडांवर आणि पॉइंटवर मास्किंग टेप लावावी. माथ्यावर आधी तेलाचा हात फिरवण्याची युक्ती काही जण सांगतात. मी ती वापरत नाही, कारण ते तेल शेवटी चाकांवर चढते आणि त्यावर आपली बारीक काळी धूळ चिकटते.

पॉइंटला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. खऱ्या रेल्वेत सांधेवाल्याला पातीच्या टोकापाशी सुपारीएवढी खडीही चालत नाही, आणि मॉडेलमध्ये रंगाचा एक पापुद्रा पुरतो. मुख्य रुळाची आतली बाजू जिथे पाती टेकते तिथे, पातीच्या पाठीवर आणि पाती जिथे वळते त्या बिजागरीत रंग अजिबात जाऊ देऊ नये. तिथे मी बारीक ब्रशने केवळ बाहेरच्या बाजू रंगवतो. तरीही पाती टेकण्यावर विजेचा भरवसा ठेवणे मला पटत नाही. प्रत्येक पातीला जवळच्या मुख्य रुळापासून खालून बारीक तार द्यावी, आणि फ्रॉग, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, धातूचा असेल तर त्याला पॉइंट बदलणाऱ्या स्विचमधून स्वतंत्र वीज द्यावी. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे: काही पॉइंटमध्ये दोन्ही पात्या आणि फ्रॉग आतून एकाच विजेवर असतात. अशा पॉइंटमध्ये पात्या आणि फ्रॉग यांच्यातला संबंध आधी तोडल्याशिवाय ही तार दिली तर थेट शॉर्ट होईल. हे काम पॉइंट फळीवर बसवण्यापूर्वीच करावे. बसवलेल्या पॉइंटखाली उताणे पडून डाख देण्याइतके त्रासाचे काम दुसरे नाही.

खडीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगणे भाग आहे, कारण लातूरचे आपण सगळे क्रशरची चाळलेली खडी वापरतो. आपला काळा दगड बेसाल्टचा आहे आणि त्यात मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजाचे कण असतात. बारीक चाळलेल्या भुकटीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्पीकरचा चुंबक एकदा फिरवून पाहावा. पिशवीवर काळ्या कणांची दाढी उगवते. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतोच, आणि रुळाच्या मधून जाताना तो हे कण उचलून गिअरमध्ये व मोटारीतल्या कार्बन ब्रशपाशी नेतो. म्हणून दगड बारीक करून, चाळून, धुऊन, वाळवून झाल्यावर चुंबक तीन-चार वेळा, एकही कण चिकटेनासा होईपर्यंत फिरवावा. नदीच्या वाळूलाही हेच लागू आहे. रंग देताना याच कारणाने स्टील वूल, म्हणजे लोखंडी तंतूंची घासणी, लेआउटच्या खोलीतही आणू नये.

खडी पक्की करण्यासाठी फेविकॉल पाण्यात पातळ करताना बोअरचे पाणी घेऊ नये, बॅटरीत भरण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी घ्यावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार खडीत राहतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. खडी ओली असेपर्यंत तिच्यातून एका रुळाकडून दुसऱ्या रुळाकडे थोडा प्रवाह झिरपतो आणि गाडी ओळखणारे डिटेक्टर रिकामा मार्गही भरलेला दाखवतात. अशा वेळी दोष शोधत बसू नये, दोन दिवस पूर्ण वाळू द्यावे. डिंक पॉइंटच्या पातीखाली जाणार नाही एवढी काळजी मात्र त्याच वेळी घ्यावी.

तेलाचे डाग आणि काजळी दाखवण्यासाठी पेन्सिलीच्या शिशाची भुकटी सर्रास सुचवली जाते. पेन्सिलीतले शिसे म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइट, आणि ते वीज वाहते. माथ्यावर त्याचा अगदी पुसट हात उपकारकच ठरतो. परंतु दोन विभाग वेगळे ठेवणाऱ्या फटीत किंवा फ्रॉगच्या फटीत ती भुकटी साचली, तर कधी शॉर्ट तर कधी काहीच नाही असा, माणसाला वेडे करणारा दोष उभा राहतो. काळेपणासाठी खडूची भुकटी वापरावी. चंदेरी आणि तांबूस धातूचे रंगही फटीच्या आसपास वापरू नयेत. फटीत प्लास्टिकची पातळ चकती बसवून ती रुळाच्या आकाराला कापावी आणि मग नेहमीचा रंग द्यावा.

सफाईचे दोन शब्द. पॉलिश पेपरने माथ्यावर पडलेल्या चऱ्यांत मळ अधिक घट्ट बसतो, त्यामुळे घरच्यांचा सल्ला कृपया ऐकू नये. वाळलेल्या रंगासाठी रूळ साफ करण्याचे रबर पुरेसे आहे. त्याचा चुरा लगेच व्हॅक्युमने ओढून घ्यावा. नेहमीच्या पुसण्यासाठी काही जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, काही मिनरल टर्पेंटाइन. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण अल्कोहोलने रूळ तत्काळ चकचकीत होतो खरा, परंतु माझ्या लेआउटवर तो काळा थर लवकर परत येतो. अल्कोहोल ॲक्रिलिक रंगही विरघळवते, म्हणजे आपण मन लावून दिलेला बाजूचा रंग माथ्यावर ओढला जातो. रंगाच्या दुकानातला साधा थिनर स्लीपरचे प्लास्टिक विरघळवतो आणि रॉकेल तेलकट थर मागे ठेवते, म्हणून ही दोन्ही टाळावीत. काहीही वापरले तरी पुरवठा बंद, खिडकी उघडी आणि पूर्ण वाळल्याखेरीज गाडी नाही.

आपल्या अंथरलेल्या मार्गाची दुरुस्ती या क्रमाने करावी. आधी रबराने माथा आणि ठोकळा तिरका धरून आतला कोपरा साफ करावा. मग बल्ब लावून मागच्या वळशावरचे चारही जोड मोजावेत. माझ्या अंदाजाने त्यांतले निदान तीन अर्ध्या व्होल्टच्या वर निघतील. जॉइनर उपसत बसू नये. जोडाच्या ज्या अंगाला फीडर नाही तिथे रुळाच्या बाहेरच्या बाजूचा रंग चाकूने नखभर खरवडून धातू उघडा करावा, शेजारी फळीला बारीक भोक पाडून तार वर घ्यावी, टोक एल आकारात वाकवून डाख द्यावा आणि थंड झाल्यावर त्यावर पुन्हा तोच तपकिरी रंग लावावा. स्लीपर वितळू नये म्हणून डाख देताना दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत. पॉइंटच्या पात्या टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पाठीमागून पुसाव्यात आणि पाती पाच-सहा वेळा इकडून तिकडे हलवून पाहावी. एवढे झाल्यावर सर्वांत हळू वेगावर सर्वांत लहान इंजिन एकट्याने सबंध वळसा फिरवावे. ते जिथे किंचितही अडखळेल तिथे खडूने खूण करावी आणि त्या जागेचा आकडा मला कळवावा.